रांगत केलेली यादी

“टेबलाचा कोपरा. मूल उभं राहायला लागलं की कपाळ नेमकं तिथं येतं. उपाय, स्पंजाची पट्टी चिकटवावी.”

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहून वाचत होती आणि खुर्चीतल्या बाई समाधानानं मान डोलावत होत्या. पाळणाघरात काम करू पाहणाऱ्या बायकांना मुलांची निगा आणि अपघात टाळणं शिकवण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. ही शेवटची परीक्षा त्यांनीच काढलेली. एखाद्या घरात जायचं, गुडघे टेकून रांगत फिरायचं, मुलाच्या नजरेला आणि हाताला जे जे लागेल ते लिहायचं आणि वर्गापुढे वाचायचं. धोका, कारण, उपाय. घर कुणाचं ते सांगायचं नाही. भीड कुणाची धरायची नाही. माणसाचा मान मागून, मुलाचा जीव आधी, हे बाई पहिल्या दिवसापासून घोटून घेत.

वाचणारी मुलगी बाईंची सून होती. वशिल्याची म्हणून कुणी बोट दाखवायला नको, म्हणून घरी ‘आई’ आणि इथं ‘बाई’ असं दोघींत ठरलं होतं. वर्गाला पत्ता नव्हता. आणि ज्या घराची यादी चालली होती ते घरही बाईंचंच. रविवारी सून खोल्याखोल्यांतून रांगली होती, तिच्यामागून अकरा महिन्यांचा गट्टू रांगला होता आणि नातवाची ती वरात बघून बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या.

महिनाअखेर बाई नोकरी सोडणार होत्या. दोन वर्षं अजून हातात होती, तरी अर्ज देऊन टाकला होता. सून कामाला लागली की गट्टूला बघायला नको का कुणी? मी आहे ना, असं त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं होतं. मुलगा बरं म्हणाला. सून ताटात बघत राहिली. बाईंनी तो संकोच समजून मनातल्या मनात देवाला हात जोडले होते. जे एकदा नेलंस ते उशिरा का होईना ओंजळीत घालतोयस, बाबा.

पडद्याची लोंबती दोरी झाली. पलंगाखाली सरकवलेला औषधांचा डबा झाला. आपल्याच घराची लक्तरं निघताना बाईंना थोडी लाज वाटत होती आणि पोरीचं कौतुकही.

“अकरावा धोका,” सून म्हणाली आणि अडखळली. “घरातली आजी.”

वर्ग खुदकन हसला.

“कारण?” बाईंनी विचारलं. जीभ सवयीनं पुढे गेली.

“त्यांच्या हातून एकदा झालंय. स्वतःची मुलगी होती. दारात कुणाशी तरी बोलत राहिल्या, तेवढ्यात ती बादलीत पडली. आता नातवाला मीच सांभाळते म्हणतात.” सुनेनं मान वर केली नाही. “उपाय, मूल त्यांच्याकडे एकटं ठेवू नये.”

ती बादली वर्गाला ओळखीची होती. बाई दर वर्षी ती गोष्ट सांगत, आवाज चढवत, उतरवत, मध्येच गप्प होत. ऐकणारी डोळे पुसल्याशिवाय उठत नसे. फक्त गोष्टीत नेहमी ‘एक आई’ असे. ती कोण, हे बाईंच्या नवऱ्याला ठाऊक होतं, तो गेला. आणि मुलाला ठाऊक होतं. तेव्हा पाच वर्षांचा असलेला तो पोर बादलीजवळ आईच्या आधी पोचला होता.

“बाई, ही तर तुमच्या गोष्टीतलीच,” मागून कुणीतरी म्हणालं.

यादी वाचून झाली की आधी वर्गानं बोलायचं आणि शेवटी बाईंनी, असा नियम होता. बायका बोलल्या. एकीला म्हातारीची कीव आली, पण तिच्याकडे पोर नकोच म्हणाली तीही. दुसरीनं विचारलं, स्वतःचं घालवून वर दुसऱ्याचं मागते, जनाची नाही तर मनाची तरी? वर्गात एक गलेलठ्ठ, हजरजबाबी बाई होती, सगळ्या तिला चक्री म्हणत. ती म्हणाली, “म्हातारीलाच चारी बाजूंनी स्पंज चिकटवा की.”

वर्ग पोट धरून हसला. सगळ्या हसतात तेव्हा शिकवणारीलाही थोडं हसावं लागतं. बाई हसल्या.

“उपाय अपुरा आहे,” मग त्या म्हणाल्या. सुनेनं पहिल्यांदा वर पाहिलं. “एकटं ठेवू नये, एवढ्यानं काय होतंय? मग कुणाकडे ठेवायचं, किती वेळ, नजर कुणाची, ते लिहा. आणि आजीला तोंडावर सांगा. चोरून घेतलेली काळजी आठवड्यात ढिली पडते.”

“सांगायचा धीर होत नाही, बाई.”

“मग वाचून दाखवलंत ते बरं केलंत. बसा.”

वीसपैकी अठरा गुण त्यांनी मांडले. दोन अपुऱ्या उपायाचे कापले. पुढच्या बाकावरचीला उभं केलं.

दुपारी त्या कार्यालयात गेल्या. अर्ज मागं घेता येईल का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. कारकुनानं सांगितलं, जागेवर कालच नवी बाई नेमली. मग आपुलकीनं म्हणाला, आता कशाला ही कटकट, घरी बसा, नातू खेळवा.

संध्याकाळी सून स्वयंपाकघरात होती. मुलगा अजून आला नव्हता. गट्टू पुढच्या खोलीत रांगत आला, बाईंच्या गुडघ्याला धरून उभा राहिला, खुदकन हसला आणि खाली बसून त्यानं दोन्ही हात वर केले. बाईंचे हात आपसूक पुढे झाले. मग त्यांनी ते पाठीमागं नेले आणि एकात एक घट्ट गुंतवले.

“सूनबाई,” त्यांनी हाक मारली, “जरा इकडं ये. गट्टू माझ्याजवळ एकटा आहे.”

आत नळ वाहत होता. हाक दुसऱ्यांदा मारावी लागली. सून येईपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत, आणि त्याच्यावरची नजर त्यांनी क्षणभरही काढली नाही.