तीन किलोमीटरची चढण

साताऱ्याहून निघालेली गाडी कासच्या घाटाला लागली आणि मानसिंग गुणगुणायला लागला. मागच्या सीटवर बसलेल्या राहीबाईनं आधी कान टवकारले, मग नवऱ्याच्या पाठमोऱ्या डोक्याकडं बघत राहिली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. या माणसाला गाता येतं, हे तिला आज कळत होतं.

गाडी चांदसाहेबांची आणि चालवतही तेच होते. ते कराडचे. मानसिंग आणि ते एकाच पलटणीत बावीस वर्षं बरोबर होते. दोघं हवालदार म्हणून निवृत्त झाले. मानसिंग गावी ऊस बघायला लागला आणि चांदसाहेबांनी कराडात लोखंडी कपाटांचं दुकान टाकलं. यंदा मुलानं दुकान हातात घेतलं, तशी चांदसाहेबांनी फोन करून फर्मान सोडलं, "मान्या, बायकांना घेऊन चार दिस फिरायचं. कास, बामणोली, कोयना, चांदोली. न्हाई म्हणायचं न्हाई."

राहीबाई आनंदानं निघाली होती. आजवर ती नवऱ्याबरोबर जेजुरीपलीकडं कुठं गेली नव्हती. त्याच्या नोकरीभर ती गावातच राहिली. सासू अंथरुणाला खिळलेली, पोरगी लहान, रान बघायला दुसरं कोण होतं?

कासच्या तलावाशी गाडी थांबली. राहीबाईला ते निळं पाणी बघून भरून आलं. ती काही बोलणार, तोच मानसिंग म्हणाला, "चांद, तवांगच्या वरचं तळं आठवतंय का रं?"

"जिथं तू बूट घालून पाण्यात पडलास?"

दोघं पोट धरून हसले. अख्तरबीही हसली. चांदसाहेबांची ही बायको पठाणकोटच्या फॅमिली क्वार्टरमध्ये सहा वर्षं राहिलेली. तिला सगळे किस्से पाठ. थर्मास काढून तिनं चहा ओतला आणि मानसिंगला वेगळा कप दिला.

"भाऊजी, तुमचा बिनसाखरेचा."

मानसिंग तो मिटक्या मारत प्याला. राहीबाई त्याला रोज दोन चमचे साखर घालून चहा द्यायची. त्यानं कधी हूं की चूं केलं नव्हतं.

"आवं, तुमाला फिक्का चहा आवडतो?"

"चालतो मला कसाबी," तो म्हणाला आणि पुन्हा चांदसाहेबांकडं वळला.

दुसऱ्या दिवशी बामणोलीला त्यांनी नाव केली. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी दोन्ही बाजूंच्या डोंगरांत आत आत शिरलं होतं. पुरुष दोघं नावाड्याशेजारी जाऊन बसले. अख्तरबी सहज बोलायला लागली.

"भाऊजींची तब्येत आता चांगली हाय. त्या काविळीच्या वक्ताला आमी तर घाबरलोच होतो. बावीस दिवस मिलिटरी दवाखान्यात. मी रोज डब्यातनं मुगाची खिचडी न्यायची, चमच्यानं भरवायची."

"कुठली कावीळ?"

अख्तरबी चपापली. "तुमाला... सांगितलं असंल की."

मानसिंगनं सांगितलं नव्हतं. कोणतं वर्ष ते राहीबाईनं नीट विचारून घेतलं. पोरीच्या, शिवांजलीच्या, जावळाला मानसिंग आला नव्हता, तेच वर्ष. 'रजा मिळाली नाही' एवढंच त्यानं लिहिलं होतं. राहीबाईनं रागानं दोन महिने पत्र टाकलं नव्हतं. आणि तिकडं ही बाई तिच्या नवऱ्याला चमच्यानं खिचडी भरवत होती!

त्यानंतर राहीबाईला धड काही दिसेना. कोयनानगरचं धरण आलं, गेलं. तिचे डोळे अख्तरबीवर खिळलेले. तिचे ते मऊ हात, मानसिंगशी बोलताना मान कलती करण्याची लकब, 'भाऊजी, मफलर गुंडाळा' म्हणणं. आणि मानसिंग निमूट गुंडाळायचा. या बाईनं वाईट काहीच केलेलं नव्हतं, हे तिला कळत होतं. त्यामुळं तर तिचा जळफळाट जास्तच वाढत होता.

तिसऱ्या दिवशी ते चांदोलीजवळ वारणावतीला मुक्कामाला आले. सकाळी जीपनं अभयारण्यात जायचं ठरलं. अख्तरबीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दारात बसून ती बूट चढवत होती.

"गवा दिसतो म्हणतात. मला लय हौस हाय बघायची," ती म्हणाली.

"भाभी," राहीबाईच्या तोंडातून निघून गेलं, "तो जीपवाला सांगत हुता, वरती तीन किलोमीटर चढ हाय. पायी. तुमच्या गुडघ्याला झेपंल का?"

अख्तरबीनं बूट खाली ठेवला. "मग राहू दे बाई."

चांदसाहेब बायकोसाठी मागं राहिले. मानसिंगही नको म्हणत होता, पण त्यांनी त्याला ढकलून जीपमध्ये बसवलं.

राहीबाईला हवं होतं ते मिळालं. जंगलातला रस्ता, शेजारी नवरा, मध्ये कुणी नाही. पण मानसिंग गप्प. एका वळणावर चार गवे उभे होते, काळेशार, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. "चांद असायला पायजे हुता," मानसिंग एवढंच बोलला.

जीप झोळंबीच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, जाऊन थांबली. खाली धरणाचं पाणी लांबवर पसरलं होतं. मानसिंगनं इकडंतिकडं पाहिलं.

"अगं, गाडी तर पार वरपतूर आली. तीन किलोमीटर चालायचं कुठं हाय?"

"न्हाई कुठंच," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. तुमी आजारी पडला, हे तिला ठाऊक. चहा तिला ठाऊक. मला काय ठाऊक हाय तुमचं?"

मानसिंग खडकावर बसला. "तुझ्याजवळ आई आजारी, पोरगी कडेवर. तुला आणि कशाला घोर लावायचा, असं वाटलं. एवढंच गं." उठता उठता म्हणाला, "पण भाभीला तू सांगायचं. मी न्हाई सांगणार."

ते वारणावतीला परतले तेव्हा अख्तरबी झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. राहीबाईनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अख्तरबीचा चेहरा लाल झाला.

"तुमी मला म्हणाला असता, नवऱ्यासंगट एकटीला जायचं हाय, तर मी हसत मागं राहिले असते. लंगडी समजून बसवलं व्हय मला?" ती खुर्चीतून अर्धी उठली. "आणि एक ऐका. दवाखान्यात भाऊजींचा रोज पहिला सवाल काय असायचा? 'भाभी, गावाकडनं पत्र आलं का?' रोज! न्हाई म्हणताना माझा जीव अर्धा व्हायचा. दोन महिने एक ओळ लिवली न्हाई तुमी. खिचडी गिळायचे न्हाईत ते. म्हणून भरवावी लागायची."

राहीबाई दाराकडं गेली. तिनं तिथं पडलेले सकाळचे बूट उचलले आणि अख्तरबीच्या पायाशी नेऊन ठेवले.

"दुपारी आणिक एक जीप जाती. चला."

"तुमी याल?"

"तुमाला चालंल तर."

अख्तरबीनं बूट चढवले.

दुपारी चौघं निघाले. अख्तरबी ड्रायव्हरशेजारी बसली, वाटभर राहीबाईशी बोलली नाही. गवाही दिसला नाही. सड्यावर पोचल्यावर मानसिंग पटकन पुढं झाला आणि तिला उतरवायला हात दिला. "सावकाश, भाभी."

राहीबाईच्या काळजात पुन्हा कळ उठली. मग जीपला वळसा घालून गेली आणि अख्तरबीचा दुसरा हात तिनं धरला.