समुद्राकडची खिडकी

माधवरावांना टेबल टेनिसमधलं काही कळत नाही, हे मुलांनी पहिल्याच दिवशी ताडलं. त्यांनी बॅट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही बाजू लाल, ती काळी. यातली पुढची कुठली?"

"समोरचा माणूस असेल तिकडची, काका," गणराज म्हणाला.

तरी क्लब त्यांच्याकडे आला. दिघीजवळच्या त्या शाळेत तो त्यांच्या बायकोने, गोदूने, सुरू केला होता. निवृत्त झाल्यावरही ती रोज संध्याकाळी मुलांना शिकवायची, आणि दिवेलागणीला माधवराव वाडीतलं शिंपणं आटोपून तिला न्यायला यायचे. मागच्या वर्षी गोदू गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "खोलीत कोणीतरी मोठं माणूस बसायला हवं, नाहीतर क्लब बंद." माधवराव म्हणाले, "मी बसतो." घरी बसून तरी काय करायचं होतं?

त्यांनी नियम एकच केला. समुद्राकडची मोठी खिडकी उघडी ठेवायची. ते न्यायला यायचे तेव्हा ती कायम सताड उघडी असायची. "बाईंना आवडायची, तशीच राहू दे," असं ते म्हणाले तेव्हा मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

वारा असा की चेंडू धड सरळ जाईना. मग मुलं वेगळंच शिकली. चेंडू टेबलाच्या बाहेर, वाऱ्याच्या अंगाला मारायचा, वारा तो आत आणून टाकायचा. किनाऱ्यावरच्या शाळांची स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक शाळेशी एकदा आपल्याकडे खेळायचं, एकदा त्यांच्याकडे. आपल्याकडे आलेल्यांचे चेंडू थेट पटांगणात जायचे. श्रीवर्धनच्या एका मुलाने तर विचारलं, "तुमचा पंच हवामान खात्यातून आणलाय का?" माधवराव खूश.

पण बाहेर गेलं की हीच मुलं बंद हॉलमध्ये चेंडू टेबलाबाहेर मारायची आणि तो आत यायची वाट बघत उभी राहायची. पहिल्या दोन शाळांत येऊन अलिबागला गेलात तर क्लब राहील, नाहीतर ती खोली पोषण आहाराच्या तांदळाला, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. माधवरावांची झोप उडाली. मुलांना बोट लागते, असं त्यांनी निदान केलं आणि दर खेपेला फेरीबोटीत आलेपाकाच्या वड्या वाटायला सुरुवात केली.

रेवदंड्याला हरून परत येताना त्यांनी आगरदांड्याच्या बोटीत पुन्हा पुडी सोडली.

"काका, बोट न्हाय लागत आम्हाला," गणराज वैतागला. बाप ट्रक चालवायचा, पोरगाही तसाच, आडवळण माहीत नसलेला. "ती खिडकी लागते."

कप्तान अनुयाने त्याच्या पायावर पाय दिला.

"ओय! खरं हाय ते बोललो. बाईंच्या वेळी बंद असायची खिडकी, कडी लावून. दार किलकिलं झालं तरी बाई ओरडायच्या."

"काहीतरीच. मी रोज बघायचो," माधवराव म्हणाले. "उघडी असायची."

"ती तुमच्यासाठी, काका," संघातली तिसरी, हेमाली, हळूच म्हणाली. "खेळ संपला की बाई म्हणायच्या, उघडा रे ती खिडकी. हे येतील आता, आणि दारात नाक धरून उभे राहतील, काय हा मोज्यांचा वास म्हणून."

तिघंही हसली. माधवराव हातातल्या वडीकडे बघत होते. नाक धरून ते खरंच उभे राहायचे. अगदी रोज.

"मग सबंध मोसम वाऱ्यात कशाला खेळलात रे गाढवांनो?"

"तुम्हीच म्हणालात ना," अनुया म्हणाली, "बाईंना आवडायची."

माधवरावांनी वडी स्वतःच्याच तोंडात टाकली. आलं चांगलं तिखट होतं, ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी स्वतः लावली. कडी खाऱ्या हवेने गंजली होती, तिला खोबरेल चोळावं लागलं. आता चेंडू मारू तिकडेच जायला लागला, आणि आधी मुलांची तीच पंचाईत झाली. पण हात हळूहळू वळणावर आले.

शेवटची लढत मुरूडला होती. हेमाली जिंकली, गणराज हरला. सगळं अनुयावर आलं. माधवरावांना गुण कळत नव्हते, म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी तिने चेंडू टेबलाच्या कोपऱ्यावर मारला. तो तिथेच पडला, आणि अनुया बॅट टाकून त्यांच्याकडे धावत आली, तेव्हा त्यांना कळलं की अलिबागला जायचं आहे. मुख्याध्यापकांचा तांदूळ व्हरांड्यातच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माधवराव खोलीत बसले नाहीत. दाराबाहेरच्या पायरीवर बसले.

"आत या ना, काका," अनुया म्हणाली.

"तुम्ही खेळा. इथून लक्ष आहे माझं."

आत चेंडूची टकटक चालू राहिली. वाडीतले माड काळे दिसायला लागले, टकटक थांबली, आणि अनुयाचा आवाज आला, "उघडा रे ती खिडकी. काका येतील आता."

खिडकी उघडल्याचं ऐकू आलं. माधवराव उठले, धोतर झटकलं, आणि दारात जाऊन त्यांनी नाक धरलं.

"काय हा मोज्यांचा वास!"

"गणराजचे आहेत," हेमाली म्हणाली.