न उघडणारा फोटो

हेमसिंगने संगणकाची वायर भिंतीतून ओढली आणि जगदेवांना, का कोण जाणे, धम्मदीपाचं पत्र आठवलं. दिवाळीच्या आधी दिल्लीहून आलेलं, निळ्या शाईतलं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं.

"हे घेऊन जातो, काका. तपासाले लागते," वाशीमहून आलेला तो सायबर पोलीस म्हणाला.

"ने बापा, ने. माही सवत हाये ते," दारातून तुळसाबाई म्हणाल्या. "पण यायनं केलं काय, ते त सांग."

"यायनं काई नाई केलं, काकू. यायच्या नावानं केलं."

जगदेव खुर्चीच्या कडेवर बसले. उभा जन्म आसेगावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून गेलेला. पण घरात पोलीस आला तर हात कुठे ठेवायचे, हे कुठल्याच पुस्तकात वाचलेलं त्यांना आठवेना.

हेमसिंगने सांगितलं ते असं. धम्मदीपा दिल्लीत ज्या सरकारी कार्यालयात आहे, तिथे सीमेपलीकडून येणाऱ्या नद्यांच्या पाण्याची मोजदाद होते. ती आकडेवारी दुसऱ्या एका देशाला हवी आहे. त्या देशाच्या सरकारने पोसलेली एक टोळी आहे. ती दार फोडत नाही. ओळखीच्या माणसाचा आवाज काढते आणि आतूनच कडी काढून घेते. जगदेवांच्या पत्त्यावरून धम्मदीपाला एक मेल गेला, सोबत एक फोटो. तो फोटो नव्हताच. धम्मदीपा तो उघडायला गेली आणि हेरगिरीचा प्रोग्राम तिच्या संगणकात शिरला.

"पण मीच काहून?" जगदेवांनी विचारलं. "मले त कोणी ओयखत नाही."

"तुमच्या वाचनालयाची स्मरणिका इंटरनेटवर हाये. तिनं त्यात लिवलं, जगदेव सरांनी मला वाचनाचं वेड लावलं. तेवढं पुरते त्यायले. आता आठवा, वळख नसलेला मेल आला होता तुमाले? काई उघडलं होतं?"

जगदेवांचे कान तापले.

"एका साहित्य संमेलनाचं निमंत्रण आलं होतं. अध्यक्षपदाचं. उघडलं, त कोरं पान निघालं."

"मंग?"

"मंग काही नाही. मले वाटलं, त्यायच्या ध्यानात आलं असंन, माणूस चुकला म्हणून."

तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अन् मले सांगतलं बी नाई! एखादी साडी त घेतली असती मी."

हेमसिंगही हसला. "त्याच पानातून शिरले ते तुमच्या संगणकात." मग त्याने एक छापील कागद पुढे केला. "हा तो मेल. वाचा, अन् मी लिवला नाई म्हणून सांगा. तिची चौकशी लागली हाये."

जगदेवांनी चष्मा पुसला.

'तुझ्या लग्नानंतर रामधन तुझ्याशी बोलला नाही, हे खरं. पण तुझं नाव ज्या पेपरात आलं, त्याचं कात्रण तो सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. इंग्रजी येत नसे, म्हणून वाचनालय बंद करताना माझ्याकडून वाचून घ्यायचा. तुझ्या नावाशी आलो की म्हणायचा, थांबा, इथून पुन्हा.'

रामधन वाचनालयाचा शिपाई, धम्मदीपाचा बाप. उन्हाळ्यात गेला. पत्रात तिने एकच गोष्ट विचारली होती: बाबांनी मला माफ केलं होतं का, सर?

त्यांनी पुन्हा वाचलं. हे आपणच लिहिलं की काय? कुठल्या तरी परमुलखात बसलेल्या माणसाला 'थांबा, इथून पुन्हा' कुठून ठाऊक? आणि मग त्यांना मसुदे आठवले. उत्तराचे कितीतरी मसुदे संगणकात टंकले होते आणि प्रत्येकापाशी ते स्वतःच अडले होते. बापलेकीच्या मधे बोलणारा मी कोण? रामधन खरंच असं म्हणायचा, की आपण वाचलेलं काहीतरी त्याच्या तोंडी घालतो आहोत? मसुदे तिथेच राहिले. टोळीने त्यांतला एक उचलला. चांगला निवडला, असं मनात येऊन गेलं आणि त्यांना लाज वाटली.

शेवटची ओळ मात्र त्यांची नव्हती. 'सोबत रामधनचा एक फोटो जोडला आहे.'

"काका? लिवला नाई ना तुमी?"

"पाठवला नाही," जगदेव म्हणाले.

"तेच ते."

"नाही. तेच नाही." त्यांनी अडखळत मसुद्यांचं सांगितलं. हेमसिंगने ते लिहून घेतलं.

"तिले काय सांगतलं तुमी?" जगदेवांनी विचारलं.

"सारं बनावट हाये म्हणून. एक शब्द खरा धरू नका म्हटलं. ते पयले सांगा लागते." त्याने वही मिटली. "लय वार उघडून पाह्यला तिनं तो फोटो. उघडेना, तरी पुन्हा पुन्हा."

जगदेव उठले, पुन्हा बसले. "फोन करू तिले?"

"करा. पण आता तुमचा आवाज तरी ती खरा कायले धरंन?"

दुपारी तुळसाबाईंनी पेटी उपसली. वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा फोटो तळाशी होता. कडेला, जवळजवळ चौकटीबाहेर, रामधन. सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता. जगदेवांनी भिंगाने पाहिलं. कात्रणच असेल? की किराण्याची चिठ्ठी?

"कायचा कागद असंन हो हा?"

"तुमी दोघं रोज वाचत होते ना?" तुळसाबाई म्हणाल्या. "मंग मले काय विचारता?"

जगदेवांनी दौत काढली. धम्मदीपाने लहानपणी अक्षरं गिरवली होती ती त्यांच्याच हाताची; ते वळण कोणाला काढता येणार नव्हतं. या वेळी मसुदा केला नाही. 'ते शब्द माझेच आहेत. चोरांनी पाठवले, एवढंच. फोटो तेवढा त्यांच्याकडे नव्हता.'

पोस्टात साधना काउंटरवर होती. "आत काय हाये, सर?"

"फोटो."

"मंग वाकवू नका म्हणून लिवा की वरतून."

त्यांनी लिहिलं. साधनाने पाकिटाचं दुसरं टोक धरलं आणि क्षणभर ते दोघांच्या हातात राहिलं.

"सोडा आता, सर."

त्यांनी सोडलं.