क्रुसाखाली टांगलेलं लसीचं कार्ड

मी एक जुनं लसीचं कार्ड आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे तीन वर्षांचं. पण कागदाच्या जातीला एवढं वय पुष्कळ झालं. माझ्या अंगावर आठ ओळी आहेत आणि भरलेली एकच. असं का झालं, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता उमगलं तर बरंच.

माझे धनी हिलरीबाबा. सांडोर गावी त्यांची केळीची बाग आहे. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा त्यांच्या पत्नीने, रिटाबाईंनी, आपलं एक मूत्रपिंड त्यांना दिलं. ते परकं म्हणून शरीराने झिडकारू नये यासाठी बाबांना रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे त्यांना फ्लूची लस टोचली आणि माझा जन्म झाला. दवाखान्यातल्या नर्स हंसाताईंनी पहिली ओळ भरून बजावलं, "दरवर्षी आणा हां."

घरच्यांचं प्रेम मात्र उतू गेलं. मुलगा डिलन मला जवळच्या माणिकपूरला नेऊन लॅमिनेट करून आला. रिटाबाईंनी मला क्रुसाखालच्या खिळ्याला टांगलं. आल्यागेल्याला बाबा दाखवायचे, "आपली लस झाली. सर्टिफिकेट हाय!" मीही फुगलो. प्लास्टिकवर पेन चालत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सर्टिफिकेट काय, एकदाच मिळतं. दोन वर्षं लशीविना तशीच गेली.

यंदा रिटाबाई एका लग्नाहून खोकत आल्या आणि चार दिवसांत बऱ्याही झाल्या. मग बाबांना ताप आला, आणि तपासणीत फ्लू निघाला. आठवड्याच्या आत ते अतिदक्षता विभागात, श्वासाच्या यंत्रावर होते.

तिथल्या डॉक्टर जीनांनी मला मागवून घेतलं आणि उलटसुलट पाहिलं.

"फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यायची. हे लॅमिनेट कोणी केलं?"

"मीच," डिलन म्हणाला.

"आता ते वाचतील ना?" रिटाबाईंनी विचारलं.

"त्यांच्या गोळ्या शरीराच्या राखणदारांना पेंगवून ठेवतात. ते पूर्ण जागे झाले तर मूत्रपिंडावर धावून जातील, आणि झोपले तर फ्लूला मोकळं रान. मी गोळ्या थोड्या कमी करतेय. किती, ते रोज बघून ठरवायचं."

मी चक्रावलो. राखणदार झोपले तरी वाईट आणि जागले तरी वाईट? मग त्यांनी करावं तरी काय?

"दोन लशी चुकल्या, म्हणून झालं हे?" रिटाबाईंनी विचारलं.

"घेतल्या असत्या तर बरं झालं असतं. पण पेंगलेले राखणदार लशीतूनही अर्धवटच शिकतात. म्हणून फ्लू त्यांच्यापर्यंत येऊ नये यासाठी घरातल्या सगळ्यांनी घ्यायची असते. तुम्ही घेतलीत?"

"मला कशाला? मी धडधाकट हाय."

 एवढं बोलताच लग्नाहून आणलेला खोकला रिटाबाईंना आठवला असावा.

अकरा दिवसांनी बाबांच्या घशातली नळी निघाली. मूत्रपिंडही टिकलं. नेमकं कशाने निभावलं, ते डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही.

बाबा घरी आले त्याच आठवड्यात रिटाबाई मला घेऊन हंसाताईंसमोर बसल्या. सुई टोचताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखलं का?"

"सुईने नाय. किडनी देताना डॉक्टरला शंभर प्रश्न इचारले. त्यांच्यासाठी मलापण लस घ्यायला लागते काय, हे इचारायचं मला सुचलंच नाय."

मित्रांनो, माझा गोंधळ काही पुरता सुटलेला नाही. तुमच्या घरात अशा गोळ्या घेणारं कुणी असेल, तर डॉक्टरांना हा एक प्रश्न तुम्ही तरी विचारा.