गुळाची तुला

लालाची चड्डी कमरेवरून घसरायला लागली, तेव्हा शालूबाईच्या काळजात चर्र झालं. नवरा एकाहत्तरच्या लढाईतून सुखरूप परतला, म्हणून तिच्या नवसापायी दरवर्षी जत्रेत पोराची गुळानं तुला व्हायची. गुबगुबीत लाला पारड्यात बसला की पारडं धाडकन खाली जाई, माणसं हसत, पोरं टाळ्या पिटत आणि शालूबाईची मान ताठ होई. घरच्या उसाचा गूळ, घरच्या तुपावर पोसलेलं पोर! अन् यंदा जत्रा तोंडावर आलेली असताना तेच पोर वाळत चाललं होतं.

तिचा संशय थेट शाळेतल्या नव्या पीटीच्या मास्तरावर गेला. जोतीराम मास्तर पलटणीतून पेन्शनीवर आलेला, आटपाडीकडचा. तिकडं प्यायला पाणी नाही, ऊस कुठला! बाळसेदार पोर बघून मेल्याच्या पोटात दुखत असणार. डब्यात लाडू कितीही भरा, डबा रिकामा परत येई. मग खात होतं कोण? मीठमोहरीनं दृष्ट काढून झाली. विचारलं तर लाला नुसता खाली बघे. दम भरलाय पोराला, दुसरं काय! आता लालाला शाळेतून काढायचंच, असं तिनं ठरवून टाकलं.

पदर खोचून ती शाळेच्या कुंपणाआड जाऊन उभी राहिली. मैदानात लाला सगळ्यांच्या मागून पळत होता, घामानं निथळत. मग सुट्टी झाली. पोरांनी लालाचे लाडू मोडून वाटून घेतले, आणि लाला कुणाची तरी भाकरी ठेच्याशी मिटक्या मारत खाऊ लागला. मास्तरानं डब्याकडं बघितलंसुद्धा नाही. तरी तिचं मन निवेना. ती तरातरा आत गेली.

"आवं मास्तर, पोराला पळवून मारताय व्हय?"

"वैनी, आला तवा जरा पळला की धापा टाकत खाली बसायचा," मास्तर शांतपणे म्हणाला. "ह्ये बाळसं न्हवं, वझं हाय."

"माझं पोर मला जड न्हाई!"

तेवढ्यात लाला मधे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आई, त्यास्नी बोलू नगंस. मीच म्हनलं, जत्रंच्या आत मला बारीक करा."

"का रं?"

"तराजूत बसलो की समदी हसत्यात. मग पोरं वरीसभर मला गुळाची ढेप म्हनत्यात."

शालूबाईनं खोचलेला पदर सोडला. त्या हसण्यात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच असायचा.