मापाचं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मास्तरांनी ते चार वेळा बांधलं, आणि चारही वेळा कागदावरच.

मास्तर म्हणजे शिंपी. उभा जन्म लोकांच्या अंगाला टेप लावण्यात गेला, राहिले मात्र दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत. मूलबाळ नाही. छातीचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही; नवराबायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. घरी आल्यावर मास्तर बायकोला म्हणाले, "दुकान विकतो. तुला घर बांधून देतो. तयार फ्लॅट नको हं. रेडिमेड कपडा कुणाला नीट बसलाय आजवर?"

बायकोच्या मनात एवढंच होतं, की ते आहेत तोवर निदान पाया भरलेला त्यांनी पाहावा. बाकी घर गोल असो की चौकोनी, तिला सगळं सारखंच.

आर्किटेक्ट होती एक तरुण मुलगी, शांत डोक्याची. तसं डोकं नसतं तर ती मास्तरांपुढे टिकलीच नसती. तिने पहिलं घर काढलं ते उतरत्या कौलांचं, पुढे ऐसपैस व्हरांडा. मास्तर खूष. दोन दिवसांनी म्हणाले, "जुनाट दिसतंय. हल्ली सपाट छताची, मोठाल्या काचांची घरं बांधतात ना, तसं काढ." तसं काढलं, तर ते त्यांना खोक्यासारखं वाटलं. मग कमानी आणि खांब आले. ते पाहून बायको म्हणाली, "आपण यात राहायचं की बाहेर तिकीट लावायचं?" मास्तर इतके हसले की खोकल्याची उबळ आली. चौथं घर मधे मोकळा चौक ठेवून भोवती खोल्यांचं. तेही उशाशी घेऊन झोपले आणि सकाळी परत केलं. "खांद्यात ओढतंय," म्हणाले, जणू कोटच होता तो.

एक गोष्ट मात्र दर वेळी ठरलेली. मुलगी नकाशात सामानही काढायची: टेबल, पलंग, व्हरांड्यातल्या खुर्च्या. मास्तर भिंती सोडून आधी तेच बघत. दोघांच्या पलंगावर बोट टेकवत, दोन खुर्च्यांवर टेकवत, आणि मग नकाशा नापास करत.

बायकोला याचा उलगडा होईना. दुकानात या माणसाने कधी चालढकल केली नव्हती. खडूची रेघ मारली की कात्री चाललीच. इथे मात्र रेघ मारायची आणि पुसायची, हाच धंदा. असे महिने गेले, आणि मास्तरांनी स्वतःच शिवलेला सदरा त्यांच्या अंगावर ढगळ होत चालला.

एका दुपारी त्यांनी पाचव्या प्रकाराचं नाव काढलं आणि तिचा तोल गेला. "पुरे झालं आता. तुम्ही आहात तोवर पाया तरी निघू दे."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. इतके दिवस घरात हे वाक्य कुणी तोंडावर आणलं नव्हतं. 

"बरं," मास्तर म्हणाले. "उद्या ठरवून टाकतो."

सकाळी त्यांनी खुंटीवरचा टेप मागितला आणि तिला समोर उभं केलं. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घेतलं. हात वर करायला लावून बोटांपर्यंतचं घेतलं. मग खुर्चीवर बसवून डोळ्यांपर्यंतचं.

"ब्लाउज शिवताय की तंबू?" तिने विचारलं.

"हलू नकोस गं, माप चुकतं."

हात थरथरत होता, म्हणून प्रत्येक माप त्यांनी दोनदा घेतलं. मग मुलीला फोन लावला, आणि बायकोला चहा करायला आत पाठवलं.

नकाशा तयार होऊन आला तेव्हा मास्तरांना जाऊन आठवडा झाला होता.

मुलीने तो पलंगावर पसरला. घर लहानसं, एकाच मजल्याचं. छप्पर थोडं उतरतं, थोडं सपाट.

"ही कुठली पद्धत म्हणायची?" बायकोने विचारलं.

"कुठलीच नाही, काकू. काका म्हणाले, स्टाईल राहू दे, तिच्या मापाचं काढ."

स्वयंपाकाचा ओटा तिच्या कोपराच्या बेताने होता. फळ्या तिचा हात पुरेल तिथवरच. खिडकी अशी, की बसल्या जागेवरून रस्ता दिसावा. तिचे गुडघे दुखतात म्हणून जिना नाही, पायरीही नाही. मग तिची नजर सामानावर गेली. पलंग एकट्याचा. टेबलाशी एक खुर्ची. व्हरांड्यात एक खुर्ची.

मास्तर इतके महिने का पुसत होते ते तिला तेव्हा कळलं. जोवर घर ठरत नव्हतं तोवर त्यात दोघं राहत होती. ठरवायचं म्हणजे हे ठरवायचं होतं, आणि तिने ते त्यांच्याशी भांडून ठरवून घेतलं होतं. ती रडली, परक्या मुलीसमोर, आवाज न आवरता.

जरा वेळाने डोळे पुसून म्हणाली, "व्हरांड्यात अजून एक खुर्ची काढ."

मुलगी घुटमळली. "बसत नाही, काकू. व्हरांडा तेवढाच आहे. मी म्हटलं होतं काकांना, थोडा मोठा ठेवू या. ते म्हणाले, नको. जागा रिकामी राहिली तर ती तिकडेच बघत बसेल."

गिऱ्हाईक पुढेमागे सुटलं तर कपडा उसवून वाढवता यावा, म्हणून हा माणूस आयुष्यभर प्रत्येक शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवत आला. इथे त्यांनी तेवढंही ठेवलं नव्हतं.

"बघत बसेन तर बसेन," ती म्हणाली. "त्यांना काय करायचंय आता?"

ती उठली. खुंटीवरचा टेप काढून दुकानातून वर आणलेल्या मास्तरांच्या खुर्चीला लावला. तिनेही माप दोनदा घेतलं. मग ते दुकानात सांगत तसं मोठ्याने सांगितलं, "रुंदी एकवीस. हातांसकट."

मुलीने व्हरांड्याची रेघ पुसली आणि माप लिहून घेतलं.