घरटी एक हात

कमालची एक खोड फखरुन्निसाच्या डोक्यात जाऊ लागली होती. गावच्या दवाखान्यावर सौर पाट्या बसवायचा विषय निघाला, की चाळिशी उलटलेल्या या बाप्याला एकदम काहीतरी आठवायचं. कधी गाडी सावलीत लावायची असायची, कधी खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दही आणायचं असायचं. आईसमोरून दह्यासाठी उठतो, आणि फ्रीज उघडून बघावा तर दह्याचे डबे आत रचलेले!

"तुझ्या नवऱ्याच्या बुडाखाली कोणी निखारे ठेवलेत का गं?" तिने सुनेला विचारलं.

ताहिरा भांडी विसळत म्हणाली, "अम्मा, ते सभेत बोलतीलच ना. चिटणीस आहेत. आधीपासून कशाला बोलतील?"

"चिटणीस झाला म्हणून आईशी अबोला?"

सभा शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, कमालच्याच घरात, कुवेतच्या फहाहीलमध्ये होती. गावची जी माणसं कुवेतात होती त्यांची ही जमात. गावातला दवाखाना त्यांच्याच वर्गणीवर चालायचा, त्यामुळे तिथे काय आणायचं नि काय नाही, हे इथे हात वर करून ठरायचं. घरटी एक हात, आणि तो घरच्या पुरुषाचा. बायकांनी मटणाची आकणी शिजवायची आणि पडद्यामागून ऐकायचं.

दोन हजार सहा सालचा जून होता. गावाकडे कोकणात भारनियमनाने जीव नकोसा केला होता. एप्रिलात अशीच भर दुपारी वीज गेलेली असताना फखरुन्निसाच्या लेकीला, नूरबानूला, दम्याचा झटका आला. दवाखान्यात प्राणवायूचं यंत्र होतं आणि वीज गेली तर ते चालवायला डिझेलचा जनरेटर होता. म्हणजे असायला हवा होता. फखरुन्निसा मागच्या खोलीत धावली तर जमिनीवर नुसता तेलाचा काळा डाग. जनरेटर जमातीतल्या यूसुफशेठच्या पुतण्याच्या निकाहाला गेला होता, मांडवातले पंखे फिरवायला. तो ढकलत परत आणला, तोवर नूरबानूच्या तोंडावर चादर ओढून झाली होती.

दवाखान्याच्या शिपायाने तो परस्पर दिला असं ठरलं आणि त्याची नोकरी गेली. फखरुन्निसाने त्याच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्याची बायको पोराला कडेवर घेऊन नुसती ऐकत राहिली होती. मग कमालने आईला कुवेतला आणलं.

सौर पाट्यांचं तिला सांगितलं यासिरने. हा गावचाच इंजिनियर, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कामाला. दिवसा ऊन बॅटरीत साठतं, धूर नाही, डिझेल नाही, असं तो हात हलवून हलवून सांगत होता. तिला त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. तिने एकच विचारलं, "याला चाकं असतात का रे?"

"नाही, खाला. पाट्या छपराला बोल्टने आवळायच्या. बॅटरी खालच्या खोलीत, भिंतीला."

"कोणाच्या लग्नाला नेता येत नाहीत?"

"छप्पर उचलून न्यावं लागेल."

"मग हेच पायजे."

त्या दिवसापासून तिने गुडघे धरून जिने चढायला सुरुवात केली. कुवेतातल्या गावकऱ्यांच्या प्रत्येक घरी गेली, चहा प्यायली आणि बायकांना धरून बसली. नूरबानूचं नाव काढलं की कोण नाही म्हणणार? सगळ्या हो म्हणाल्या, त्यांचे नवरेही हो म्हणाले. एकीने तर नवऱ्याला पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. फखरुन्निसा फुशारून घरी आली. "एवढा पाठिंबा तर इलेक्शनमध्ये पुढाऱ्यालापण मिळत नाही," ती म्हणाली. कमाल दही आणायला गेला.

गुरुवारी समोरच्या मुलींच्या शाळेत मतदान होतं. कुवेती बायकांना संसदेसाठी पहिल्यांदाच मत मिळालं होतं. त्या भट्टीसारख्या उन्हात काळे अबाये घालून त्या रांगेने उभ्या होत्या. एक म्हातारी तर चाकाच्या खुर्चीत बसून आली होती. फखरुन्निसा खिडकीतून हलेना.

"बघ गं ताहिरा," ती म्हणाली. "त्या म्हातारीने मुलाला सांगून नाही पाठवलं."

शुक्रवारी पुरुष जेवले, हात धुतले आणि दिवाणखान्यात टेकले. बायका पडद्याशी दाटीवाटीने उभ्या राहिल्या. यासिरने नीट मांडलं. पावसाळ्यात ऊन कमी पडेल, म्हणून बॅटरी मोठी घ्यावी लागेल, हेही त्याने लपवलं नाही. मग यूसुफशेठ खाकरला. कुवेतातल्याच वफ्राच्या शेतांवर त्याचे जनरेटर भाड्याने चालायचे. गावची निम्मी पोरं त्याच्याच व्हिसावर आलेली, आणि कमाल त्याच्याच गोदामात कामाला.

"बाबांनो, आपण खातो कोणाचं? तेलाचं. अन् तेलाच्याच नावाने नाक मुरडायचं?" तो हसला, तशी बाकीचेही हसले. "मृगात कोकणात ऊन शोधायला यासिर जाणार आहे का बॅटरी घेऊन? माझ्याकडून नवा जनरेटर घ्या. मोठा. फुकट. माझ्या बापाच्या नावाने दवाखान्याला देणगी."

दिवाणखान्यातली हवाच बदलली. देणगी नको कोण म्हणणार, तेही देणाऱ्याच्या तोंडावर?

"सौर पाट्यांच्या बाजूने हात वर करा," कोणीतरी म्हणालं.

यासिरचा हात वर गेला. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याचा अर्धवट गेला आणि दाढी खाजवून खाली आला. पोराच्या डोक्यावर हात ठेवलेला गृहस्थ बडीशेप निवडत होता. फखरुन्निसा पडद्याच्या फटीतून फक्त कमालकडे बघत होती. त्याचे दोन्ही हात मांडीखाली होते. शाळेत मास्तरांच्या छडीच्या भीतीने लपवायचा, तसे.

तिने पडदा बाजूला केला. ताहिराने तिचा पदर ओढला, तो सोडवून घेऊन ती पुरुषांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"यूसुफशेठ, तुझ्या नव्या जनरेटरला चाकं आहेत?"

"असणारच, फखरूखाला. जड असतो तो."

"मग तोपण जाईल कुठल्यातरी मांडवात. माझी पोरगी गेली तसं आणखी कोणाचं तरी जाईल."

यूसुफशेठचा चेहरा लाल झाला. "आम्ही काय चोरून नेला होता? विचारून नेला. शिपाई देईना, चिटणिसाची परवानगी आणा म्हणाला. मग मी तुमच्या कमालला सांगितलं, त्याने इथून फोन केला, तेव्हा मिळाला. मला काय पुढचं गैब कळतं, की त्याच दुपारी..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

पडद्यामागे ताहिराने तोंडात पदर कोंबला.

फखरुन्निसा लेकाकडे वळली. "खरं?"

कमाल म्हणाला, "अम्मा, दोन तासांचा प्रश्न होता. शेठ म्हणाले, नाही कसं म्हणू?"

"अन् शिपायाची नोकरी गेली, तेव्हा?"

कमालने मांडीखालचे हात आणखी आत सरकवले.

इतके दिवस दही कशासाठी लागत होतं, ते तिला आता कळलं. पाट्यांना हात वर करायचा म्हणजे जनरेटर गेला कसा, ते बोलायचं. बहिणीचं नाव तोंडी येऊ नये म्हणून हा जिने उतरत होता. कोणी पुढे केलेल्या खुर्चीला तिने हात लावला नाही.

"कमाल, वर बघ. नाही बघत? मग ऐक. त्या मांडवातल्या पाव्हण्यांना तू वारा घातलास, तो तुझ्या बहिणीच्या छातीतला काढून घातलास. एवढं मी चूक म्हणून गिळलं असतं, आई आहे मी. पण त्या बापड्याच्या दारात मी शिव्या देऊन आले, तेव्हा तू मला फोनवर म्हणालास, 'बरं केलंस अम्मा.' अन् आज हात मांडीखाली घेऊन बसलास. माझं तिकीट काढ. आधी त्या शिपायाच्या दारात जाऊन उभी राहीन, मग माझ्या घरी जाईन. अन् सगळ्यांदेखत सांगते, मी मेले की माझ्या जनाज्याला तुझा हात लागायचा नाही."